खोक्यातले पॉवर सप्लाय: लिनिअर कोण, एसएमपीएस कोण (प्रकल्प नोंदी)

५ जानेवारी २०२५, रविवार

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून चारशे रुपयांत एक आख्खा खोका उचलला. आत अडॅप्टर, जुने एलिमिनेटर, एक लोखंडी डब्यातला बेंच सप्लाय, एक उघडं बोर्ड आणि वायरींचा गुंता. निम्म्या नगांवर लेबलच नाही. विकणाऱ्याला विचारलं, चालू आहेत का, तर म्हणाला, "साहेब, घरी लावून बघा." चारशे रुपयांत यापेक्षा जास्त खात्री कोण देणार?

कशासाठी हवेत ते आधी लिहून ठेवतो. ४० मीटरचा, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर (हौशी रेडिओवाल्यांच्या गप्पा ऐकायचा साधा रेडिओ) बांधून तयार आहे. त्याला १२ व्होल्ट आणि जेमतेम १५० मिलिअँपिअर लागतात. सध्या ७ एएचच्या बॅटरीवर उत्तम चालतो, पण आता तो घरच्या विजेवर चालवायचा आहे. हा रिसीव्हर फार तिखट कानाचा असतो. त्याचं जवळजवळ सगळं प्रवर्धन ऑडिओ भागात असल्यामुळे सप्लायमधली घरघर थेट हेडफोनमध्ये येते. त्यात एसएमपीएस (स्विच मोड पॉवर सप्लाय, वीज वेगाने तोडून-जोडून काम करणारा) जोडला तर बँडभर शिट्ट्या आणि खरखर. म्हणून आधी खोक्यातला प्रत्येक नग लिनिअर (५० हर्ट्झच्या जड ट्रान्सफॉर्मरचा, वीज न तोडणारा) आहे की स्विचिंग, म्हणजे एसएमपीएस, ते ठरवायचं.

नगांना आकडे दिले. १: काळा ठोकळा, बाजूला ३ ते १२ व्होल्टची सरकपट्टी आणि प्लस-मायनस उलटवायचं बटण. २: राउटरचा असावा असा हलका अडॅप्टर. ३: लेबल नसलेला, जड, गोल पिनचा. ४: लोखंडी डब्यातला ०–३० व्होल्टचा बेंच सप्लाय. ५: जड अडॅप्टर, वायर तुटलेली. ६: जाळीदार पत्र्याचा डबा, २४ व्होल्ट, बाजूला लाल ११५/२३० चं बटण. ७: उघडं बोर्ड, बहुधा डीव्हीडी प्लेअरमधलं.

७ जानेवारी, मंगळवार

आज काहीही वीजजोडणी न करता जेवढं कळतं तेवढं.

वजन ही पहिली खूण, आणि दहातल्या आठ वेळा तेवढीच पुरते. ५० हर्ट्झवर चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला लोखंडाचा गाभा आणि तांब्याचे भरपूर वेढे लागतात. वारंवारता वाढवली की तेवढीच शक्ती न्यायला गाभा लहान पुरतो. एसएमपीएस आधी मेनचं डीसी करतो, ते ६५ किंवा १०० किलोहर्ट्झला तोडतो आणि बोटाच्या पेराएवढ्या फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून पार करतो. नग १ किचनच्या काट्यावर ३९० ग्रॅम भरला, नग २ नव्वद. दोन्ही १२ व्होल्टचे, ताकदही जवळपास सारखीच.

स्पीकरमधलं चुंबक काढून ठेवलेलं होतं, ते लावून पाहिलं. नग १, ३ आणि ५ यांना प्लास्टिकच्या बाहेरून घट्ट चिकटतं, कारण आत पत्र्यांचा गाभा आहे. नग २ ला एका जागी नुसतं ओढल्यासारखं होतं. फेराइटही चुंबकाला ओढलं जातं, त्यामुळे "चिकटलं म्हणजे लिनिअर" असं नाही. किती मोठ्या भागावर चिकटतं ते बघायचं.

लेबल असेल तर इनपुटची ओळ वाचावी. "१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" असा सलग पल्ला असेल आणि कुठलंही बटण नसेल, तर तो एसएमपीएस. साध्या ट्रान्सफॉर्मरला एवढा पल्ला पेलत नाही. उलट मात्र खरं नाही: नुसतं "२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ" लिहिलेले स्वस्त एसएमपीएसही बाजारात पुष्कळ आहेत. नग २ वर चौकटीत रोमन सहा आहे. तो कार्यक्षमतेचा दर्जा. या ताकदीच्या अडॅप्टरने काही न जोडता ०.१ वॉटपेक्षा जास्त खाता कामा नये, अशी ती अट, अमेरिकेत फेब्रुवारी २०१६ पासून सक्तीची. लोखंडी गाभ्याचा अडॅप्टर ही परीक्षा पास होणं जवळपास अशक्य. भारतीय मानक ब्युरोचा आर-नंबर सुरक्षिततेबद्दल सांगतो, जातीबद्दल काही नाही.

नग ६ चं लाल बटण घोटाळ्यात टाकतं. ११५/२३० चं बटण दोन्ही जातींत असतं. लिनिअरमध्ये ते ट्रान्सफॉर्मरची दोन प्रायमरी (मेनकडची) वाइंडिंग सिरीज किंवा पॅरलल करतं. एसएमपीएसमध्ये ते रेक्टिफायरला व्होल्टेज डबलर बनवतं, म्हणजे ११५ वर असो की २३० वर, आतल्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टच बसतात. हे बटण ११५ वर ठेवून आपल्याकडच्या सॉकेटला लावलं की कपॅसिटरवर दुप्पट, साडेसहाशे व्होल्ट येतात आणि फटाका वाजतो. खोक्यातल्या नगाचं बटण ११५ वरच होतं. आधी ते २३० वर केलं आणि वर चिकटपट्टी मारली.

१० जानेवारी, शुक्रवार

मल्टिमीटर ओहमवर, प्रोब प्लगच्या दोन पिनांवर. अडॅप्टर सॉकेटबाहेर, आणि काढून काही मिनिटं झालेली. एसएमपीएसच्या इनपुटवरच्या कपॅसिटरमध्ये काढल्यानंतरही क्षणभर विद्युतभार राहतो, आणि पिनांना बोट लागलं की चांगला चटका बसतो.

नग १: ४१० ओहम. प्रोब उलटे केले, तरी ४१०. नग ३: ८८० ओहम, उलटसुलट तेच. सरळ तांब्याची तार वाचतोय हे स्पष्ट. लहान ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा रोध शेकड्यांत असतो, मोठ्याचा दहा-वीस ओहमपर्यंत उतरतो.

नग २: आकडा भराभर चढला आणि ओएल (मीटरच्या पल्ल्याबाहेर). नग ७ वर १ मेगाओहमच्या आसपास येऊन थांबला. बोर्डावर पाहिलं तर फ्यूजच्या शेजारी पिवळ्या चौकोनी कपॅसिटरला समांतर रेझिस्टर लावलेला आहे, तोच मीटर वाचतो. पलीकडे ब्रिजचे डायोड, आणि मीटरच्या चिमूटभर व्होल्टेजला ते दाद देत नाहीत.

नग ६: बटण ११५ वर असो की २३० वर, मीटरला काही फरक नाही. हाच लिनिअर असता तर २३० वरचा रोध ११५ वरच्यापेक्षा चौपट दिसला असता, कारण दोन सारखी वाइंडिंग पॅरलल असताना अर्धा आणि सिरीज असताना दुप्पट. ही चाचणी मला फार आवडते. डबा उघडायला नको, वीज लावायला नको. चिकटपट्टी परत मारली.

नग ५ ने मात्र वेगळंच सांगितलं. जड आहे, चुंबक घट्ट चिकटतं, आणि पिनांवर ओएल. नुसत्या ओहमवर विसंबणारा याला एसएमपीएस म्हणेल. खोबणीत स्क्रू ड्रायव्हर घालून खोलला. आत ईआय (पत्र्यांच्या) गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, प्रायमरीवर पिवळी टेप, आणि टेपच्या पहिल्या पदराखाली चपटा थर्मल फ्यूज. तो उडालाय, फ्यूजच्या पलीकडे वाइंडिंग ६३० ओहम दाखवते. आउटपुटच्या वायरी आतमध्ये एकमेकींना टेकलेल्या होत्या, म्हणजे कारणही सापडलं. फ्यूजला तार मारून चालू करणारे खूप आहेत. मी नाही करत. रात्रभर सॉकेटमध्ये राहणाऱ्या वस्तूत तेवढं एकच संरक्षण असतं.

१२ जानेवारी, रविवार

भाची आली होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या लॅबमध्ये सगळं आधीच लेबल लावलेलं असतं, त्यामुळे हा खोका तिला भलताच आवडला.

प्रत्येक नग आधी सिरीज बोर्डवर, १०० वॉटच्या बल्बमधून. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि बाकी काही जळत नाही. नग २ आणि ६ ला बल्ब क्षणभर चमकून विझला, आतला मोठा कपॅसिटर भरला तेवढ्यापुरता. नग १ ला हलकीशी लुकलुक, मग काही नाही.

मग थेट मेनवर, बिनभाराचं आउटपुट. नग २: १२.१ व्होल्ट. नग १ ची पट्टी १२ वर: १७.२ व्होल्ट!

"मामा, हा खराब आहे का रे?"

"नाही गं. रेग्युलेशनच नाहीये याच्यात, व्होल्टेज सांभाळणारं काही नाही. ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक कपॅसिटर, संपलं. भार टाकला की येतो खाली."

२२ ओहमचा १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर लावला. नग १ सतरावरून १२.६ वर आला, नग २ जागचा हलला नाही. बिनभाराचं व्होल्टेज लिहिलेल्यापेक्षा तीस-चाळीस टक्के जास्त असेल तर तो साधा, रेग्युलेशन नसलेला लिनिअर. अशा अडॅप्टरला "१२ व्होल्ट लिहिलंय" म्हणून नाजूक सर्किट जोडलं की ते गेलंच. बरोबर १२ दाखवणारा मात्र एसएमपीएसही असू शकतो आणि आत ७८१२ (१२ व्होल्ट स्थिर ठेवणारा आयसी) असलेला लिनिअरही.

नग ३ ला मीटर डीसीवर शून्य दाखवत होता. भाची "मेलेला" म्हणून बाजूला ठेवणार, तेवढ्यात मीटर एसीवर फिरवला: १०.६ व्होल्ट. आत नुसता ट्रान्सफॉर्मर, डायोडसुद्धा नाही. जुन्या डायल-अप मोडेमबरोबर असे ९ व्होल्ट एसीवाले यायचे. जड नगातून एसी आउटपुट म्हटलं की शंका उरत नाही, तो लिनिअर.

मग रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर. ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून मल्टिमीटर हर्ट्झवर. नग १, भारासकट: ९९.९, मग १००.०. पूर्ण लहरीच्या रेक्टिफायरमुळे ५० चे १०० होतात, आणि ग्रिडची वारंवारता जशी हलते तसा शेवटचा आकडा हलतो. भाचीने कॉलेजमधून छोटा ऑसिलोस्कोप आणला होता, त्यावर करवतीच्या दात्यांसारखा आकार, टोकापासून टोकापर्यंत चार व्होल्टच्या वर. आत १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे आणि ०.५७ अँपिअर ओढले जातायत, तेव्हा गणिताने तेवढाच यायला हवा. नग २ वर शंभर हर्ट्झचा मागमूस नाही. काही दहा मिलिव्होल्टचा पट्टा, त्यावर उभे काटे, आणि वेळ ताणल्यावर दोन काट्यांमधलं अंतर १५ मायक्रोसेकंद. म्हणजे ६५ किलोहर्ट्झच्या आसपास.

६५ च का, असं तिने विचारलं. रेडिओ-उपद्रवाच्या मानकांत वायरीतून जाणाऱ्या गोंगाटाची मोजणी १५० किलोहर्ट्झपासून वर सुरू होते. ६५ चा दुसरा हार्मोनिक (दुप्पट वारंवारता) १३०, म्हणजे तोही कुंपणाबाहेर. पहिले दोन, सगळ्यांत जोरकस, परीक्षेलाच बसत नाहीत. हुशारी आहे, पण आमच्यासारख्या रेडिओवाल्यांना त्याचं कौतुक थोडं कमी.

जाता जाता डिमरस्टॅट (मेनचं व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर). इनपुट २३० वरून हळूहळू उतरवलं. नग १ चं आउटपुट त्याच प्रमाणात उतरत गेलं. नग २ ऐंशी व्होल्टपर्यंत १२.१ वर ठाम आणि मग एकदम बंद. ७८१२ असलेला लिनिअर मधेच कुठेतरी गुडघे टेकतो, दोनशे-एकशे नव्वदच्या आसपास. खोलता न येणाऱ्या, चिकटवलेल्या डब्यांसाठी याच्याइतकी खात्रीची चाचणी दुसरी नाही, फक्त डिमरस्टॅट हाताशी हवा.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम थोडंच.

बिनभाराचे वॉट मोजले. नग १: २.४ वॉट, काही न करता, नुसता सॉकेटमध्ये बसून. वर्षभर तसाच राहिला तर २१ युनिट. हात लावला तर कोमट. नग २: मीटरला दिसत नाही इतकं. बिनभाराचा कोमट अडॅप्टर म्हणजे बहुतेक लिनिअर.

दुसरी खूण टेस्टरची. नग २ च्या आउटपुटच्या मायनसला टेस्टर लावला की आतला निऑन मंद पेटतो. मायनस ते अर्थ, मीटरवर ९२ व्होल्ट एसी. नग १ वर टेस्टर विझलेला, मीटरवर १४. दोन पिनांच्या एसएमपीएसमध्ये प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये गोंगाट जिरवायला एक निळा वाय-कपॅसिटर असतो, त्यातून हे गळतं. लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावरून बोट फिरवताना जी झिणझिण लागते ती हीच. ९२ आकड्याने घाबरायचं कारण नाही. २.२ नॅनोफॅरडमधून २३० व्होल्ट ५० हर्ट्झला जास्तीत जास्त ०.१६ मिलिअँपिअर जातात. १० किलोओहमचा रेझिस्टर मध्ये टाकला आणि ९२ चा एका व्होल्टच्या आसपास झाला.

तीन पिनांच्या अडॅप्टरवर ही परीक्षा चालत नाही, कारण तिथे मायनस बहुधा अर्थला बांधलेला असतो. आणि अर्थिंग खरोखर असेल तरच या सगळ्याला अर्थ. आमच्या जुन्या वाड्यात अर्थिंग म्हणजे सॉकेटचं तिसरं भोक, एवढंच होतं.

१८ जानेवारी, शनिवार

आज नग ४, लोखंडी डबा. पाच किलो. जाळीतून मोठा ईआय ट्रान्सफॉर्मर सरळ दिसतो, पिनांवर १४ ओहम, मागे हातभर हीटसिंक, चालू केल्यावर बारीक घुमतो. भाची म्हणाली, "मामा, हा तर डोळे मिटून लिनिअर!"

मी म्हटलं, आधी याच्याकडून काम करून घेऊ. आउटपुट ५ व्होल्ट, भार २ अँपिअर. ३० व्होल्टपर्यंत जाणारा लिनिअर असेल तर आत ट्रान्सफॉर्मरमागे ३८ व्होल्टच्या आसपास कच्चं डीसी असणार. ३८ आणि ५ मधले ३३ व्होल्ट आउटपुट सांभाळणाऱ्या पास ट्रान्झिस्टरने गिळायचे, गुणिले २ अँपिअर: ६६ वॉट उष्णता. पाच मिनिटांत हीटसिंकवर हात ठेवता येणार नाही. काही चांगले सप्लाय हे टाळायला नॉब फिरवताना रिलेने ट्रान्सफॉर्मरचे टॅप बदलतात, त्याचा टक्-टक् आवाज येतो. इथे आवाज नाही.

वीस मिनिटांनी हीटसिंक गार. सॉकेटवरचा वॉटमीटर: १९ वॉट. बाहेर १० जातायत, म्हणजे आत जेमतेम ९ जळतायत. लिनिअरला हे जमणं शक्यच नाही.

स्क्रू काढले. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरड, इथपर्यंत जुनी, नीट बांधणी. हीटसिंकवर टीओ-३ आकाराची दोन जोड भोकं, त्यांच्याभोवती वाळून पिवळी पडलेली हीटसिंक पेस्ट, आणि एकाखाली अभ्रकाची चकती अजून चिकटलेली. २एन३०५५ ट्रान्झिस्टरची जोडी बसत असणार तिथे. ती जळाली असावी, आणि नंतर कुणीतरी ती काढून टाकून कोपऱ्यात एक लहान बोर्ड बसवलंय: काळी गोल कॉइल, एक शॉटकी डायोड, आणि पाच पायांचा एलएम२५७६एचव्ही. हा आयसी ५२ किलोहर्ट्झवर स्विच करतो आणि त्याची एचव्ही आवृत्ती ६० व्होल्टपर्यंत इनपुट घेते, म्हणून ३८ व्होल्टला तोच निवडला. ज्याने केलं त्याला काम येत होतं. सोल्डर स्वच्छ आहे, वायरींना स्लीव्ह घातलेत.

तर हा काय म्हणायचा? भाचीला एका शब्दात उत्तर हवं होतं. मी वहीत दोन रकाने आखले: "मेनपासून वेगळं कोण करतं" आणि "व्होल्टेज कोण सांभाळतं". नग ४ च्या पहिल्या रकान्यात ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्यात स्विचिंग. वजन, चुंबक, ओहम, टेस्टर या सगळ्या चाचण्या फक्त पहिल्या रकान्याबद्दल बोलतात. उष्णता, वॉट आणि काटे दुसऱ्याबद्दल. याच्या उलटा प्रकारही असतो: पुढे एसएमपीएस, आणि शेवटी स्वच्छतेसाठी लहान लिनिअर रेग्युलेटर. आता सगळ्या नगांची नोंद दोन रकान्यांत.

१९ जानेवारी, रविवार

रिसीव्हरला तिसरा रकाना हवा: "रेडिओला किती त्रास". त्याचं सगळ्यांत चांगलं उपकरण घरातला जुना मीडियम वेव्ह ट्रान्झिस्टर. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर लावायचं, रेडिओ सप्लायच्या वायरीपासून वीतभर, आणि भार चालू-बंद करायचा.

नग १: कार्यक्रम स्वच्छ. अगदी चिकटवून धरला तर जाड घरघर.

नग २: ७९२ वर फार वाईट नाही, पण डायल खाली सरकवला की ७८० च्या सुमाराला जोराची घर्र, आणि तशीच दर ६५ किलोहर्ट्झला. बारावा हार्मोनिक ७८०. आयसी दीड टक्का वर असता तर ६६ गुणिले १२, म्हणजे नेमकं पुणे केंद्र.

नग ७ ने तेच केलं, निराळ्या वाटेने. बोर्डावरच्या आठ पायांच्या (खरं तर सात, एक पाय मुद्दाम गाळलेला) आयसीवर भिंगातून वाचलं: टीएनवाय२६६. याची वारंवारता १३२ किलोहर्ट्झ. १३२ गुणिले ६ किती? ७९२! शिवाय गोंगाट एका जागी साचू नये म्हणून हा आयसी आपली वारंवारता ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात हलवत ठेवतो. सहाव्या हार्मोनिकपर्यंत त्याचे ४८ किलोहर्ट्झ होतात. त्यामुळे शिट्टी नाही, तर बातम्यांवर पसरलेली एकसलग खरखर. भार कमी केला की हा मधले ठोके गाळतो आणि खरखरीचा पोत बदलतो. भाराबरोबर आवाजाचा सूर बदलला तर ते स्विचिंगच, ट्रान्सफॉर्मरची घरघर आपला सूर सोडत नाही. पुण्यात डीव्हीडी प्लेअरशेजारी रेडिओ का लागत नाही, हे बऱ्याच घरांत कोडं राहिलं असेल.

नग ४ वर सुरुवातीला सौम्य, पण ट्रान्झिस्टर बाजूला ठेवून ४० मीटरचा रिसीव्हर (बॅटरीवर) लावल्यावर बँडमध्ये चार ठिकाणी खरबरीत शीळ, एकमेकींपासून साधारण ५२ किलोहर्ट्झवर. आयसी तापतो तशी ती सरकत जाते. बेंचवर मोटारी फिरवायला हा उत्तम, रिसीव्हरला नाही.

२५ जानेवारी, शनिवार

निवड नग १ ची. रेग्युलेशन नाही, ते आपण घालू. १५० मिलिअँपिअरला आउटपुट १५.८ व्होल्ट, रिपलच्या तळाशी १५.२. ७८१२ ला इनपुट निदान साडेचौदा हवं, म्हणजे कागदावर जमतं. पण संध्याकाळी आमच्याकडे लाइन २०० पर्यंत उतरते. डिमरस्टॅटने २०० केलं, आणि तळ १३ च्या आसपास आला. ७८१२ ने हात टेकले, १०० हर्ट्झची घरघर थेट हेडफोनमध्ये.

रिसीव्हरला १० व्होल्टही चालतात. म्हणून ७८१२ ऐवजी एलएम३१७ (व्होल्टेज ठरवता येणारा रेग्युलेटर आयसी), २४० ओहम आणि १.८ किलोओहमचे रेझिस्टर, आउटपुट १०.६. आता १९५ पर्यंत शांत. तपकीर गल्लीतून २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटरही आणला आणि १००० वाला बदलला. जुन्याचं डोकं किंचित फुगलेलं होतंच.

२ फेब्रुवारी, रविवार

सगळं जोडलं, अँटेना लावली, आणि घरघर आली. बॅटरीवर नाही, नग १ वर आहे. गंमत म्हणजे अँटेना काढली की जाते, आणि डायल फिरवला की कमी-जास्त होते. सप्लायच्या आउटपुटवर स्कोपला काही दिसत नाही.

डायरेक्ट कन्व्हर्जनमधला हा जुना पाहुणा. या रिसीव्हरचा ऑसिलेटर ऐकण्याच्याच वारंवारतेवर चालतो. त्याचा थोडा अंश सप्लायच्या वायरीवरून मागे एलिमिनेटरच्या डायोडपर्यंत जातो. तिथे डायोड सेकंदाला १०० वेळा उघडमीट करतायत, त्यामुळे त्या अंशावर १०० हर्ट्झचं मॉड्युलेशन बसतं, आणि तो मेनच्या वायरीवरून हवेत जाऊन अँटेनातून परत आत येतो. रिपल नाहीच हा, म्हणून कपॅसिटर वाढवून काही होत नाही. "लिनिअर म्हणजे स्वच्छ" एवढ्यावर थांबणाऱ्याला इथे दिवसभर डोकं धरून बसावं लागतं.

एलिमिनेटरच्या चारही १एन४००७ डायोडना समांतर १० नॅनोफॅरडचे डिस्क कपॅसिटर, "१०३" छापलेले, पाय शक्य तेवढे आखूड. घरघर निम्म्याहून खाली. मग सप्लायची वायर रिसीव्हरच्या अगदी जवळ फेराइट रिंगमधून आठ वेढे. आता कान देऊन ऐकली तरच सापडते. सकाळी सातला ७ मेगाहर्ट्झवरच्या गप्पा बॅटरीइतक्याच स्वच्छ.

सगळ्या नगांना चिकटपट्टी लावली. ३ वर मोठ्या अक्षरांत "९ व्होल्ट एसी, डीसी नाही", कारण पुढच्या कुणीतरी तो हमखास राउटरला लावला असता. ४ वर "ट्रान्सफॉर्मर + स्विचिंग, रेडिओला नको". ६ चं बटण आतून सोडवून तो कायमचा २३० वरच ठेवला. ७ भाची घेऊन गेली, तिला टीएनवाय२६६ चे ठोके स्कोपवर पाहायचेत. तिला बजावलंय: बोर्ड आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर लावायचं, आणि स्कोपची क्लिप प्रायमरीच्या बाजूला लावण्याआधी मला फोन करायचा.